संदर्भ नमुना, एक नग

चकतीकाकांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं एकच काम केलं. दातात भरायच्या रेझिनची मिलिमीटरभर जाडीची चकती करायची, निळ्या प्रकाशात ती घट्ट करायची, हिऱ्याच्या टोकाखाली पंधरा सेकंद दाबायची आणि सूक्ष्मदर्शकातून खड्डा मोजायचा. खड्डा जितका लहान, तितकं रेझिन कठीण. मग दुसरी चकती आधी काळ्या फरशीवर ठेवायची, नंतर पांढऱ्या. रंग जितका बदलेल, तितकी ती पारदर्शक. माणसंही ते अशीच पारखत. मेव्हण्याबद्दल म्हणत, कुठल्याही फरशीवर ठेवा, मठ्ठ तो मठ्ठच दिसतो.

निवृत्तीला महिना उरला होता. लेकीला मूल झालं होतं. तिच्या गावी कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. काकूंनी पडदेसुद्धा उतरवून बांधून ठेवले होते.

तेवढ्यात काकांच्या हातून शेवटची संदर्भ चकती गेली. प्रत्येक नवं रेझिन एका जुन्या रेझिनशी ताडून बघत. ते जुनं बनवणं कारखान्याने केव्हाच बंद केलं होतं आणि त्याची एवढी एकच चकती उरली होती, पाण्याच्या बाटलीत जपून ठेवलेली. बाटलीतलं पाणी काळ्या ताटातच बदलायचं, म्हणजे चकती नजरेत राहते, हा नियम काकांनीच केलेला. त्या दिवशी घाईत त्यांनी ते पांढऱ्या बेसिनमध्ये बदललं. चकती पाण्यात पडली आणि दिसेनाशी झाली. तिच्या पारदर्शकतेचे उत्तम आकडे वर्षानुवर्षं काकांनीच लिहिले होते.

साहेबांनी बेसिनखालचा पाइप उघडवला. त्यातून केस निघाले, एक बटण निघालं. मग साहेब काकांच्या तोंडाकडे बघत राहिले. तीन वर्षांपूर्वी भट्टीच्या दारावर आपटून काकांचा पुढचा दात तुटला होता, आणि प्रयोगशाळेतल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी हाताशी होतं त्या रेझिनने तो तिथल्या तिथे भरून दिला होता. ते हेच रेझिन.

"काका," साहेब हळूच म्हणाले, "तुम्हाला आता सोडता येणार नाही."

अक्षर चांगलं म्हणून नोंदवहीत काकांनीच लिहिलं: संदर्भ नमुना, एक नग. नियमही नमुन्याचेच लागू झाले. अंधारात, ओलाव्यात, शरीराच्या तापमानाला ठेवणे. म्हणजे तोंड मिटून. चहा बंद, चहाने रंग चढतो. दर सोमवारी काका यंत्राच्या पाटावर हनुवटी टेकत. दातामागे आधी काळा तुकडा सरकवला जाई, मग पांढरा. शेवटी हिऱ्याचं टोक. खड्डा मात्र फोटोवरून काकांनाच मोजावा लागे, कारण ते दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "चाळीस वर्षं सांगतेय, जरा तोंड आवरा. माझं ऐकलं नाहीत कधी. साहेबाने सांगितलं की लगेच." मग त्यांनी विचारलं, हे किती दिवस चालणार. काकांनी कागदावर लिहून दाखवलं: दात पडेपर्यंत.

रविवारी काका बाजारात जाऊन अक्रोड घेऊन आले. सगळ्यांत टणक दिसला तो निवडला, पुढच्या दातांत धरला, डोळे मिटले आणि चावला. आवाज झाला. आरशात पाहिलं तर अक्रोड फुटला होता आणि शेजारचा, जन्माचा, स्वतःचा दात अर्धा गेला होता. भरलेल्या दातावर नवा ओरखडाही नव्हता. काकांना रडू आलं. आणि रडता रडता वाटलं, आपले आकडे खोटे नव्हते.

सोमवारी डॉक्टरबाईंनी तुटलेला दात नव्या रेझिनने भरला, कारण सध्या चाचणी त्याचीच चालू होती. साहेब खूश झाले. एकच तोंड, एकच लाळ, जुनं आणि नवं शेजारी शेजारी. अशी तुलना आजवर कुणाला साधली नव्हती. काकांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. त्यांनी वहीत नग दोन केले.

संध्याकाळी काकूंनी त्यांना दिव्याखाली उभं केलं आणि तोंड उघडायला लावलं.

"यातला आपला कुठला?"

काकांनी दोन्ही भरलेल्या दातांवर बोट ठेवलं आणि नाही अशी मान हलवली.

काकूंनी पडद्यांचं गाठोडं सोडलं, स्टुलावर चढल्या आणि एकेक पडदा परत लावू लागल्या. नमुना अंधारात ठेवायचा असतो, हे त्यांच्या नीट लक्षात होतं.