तासामागं वीस मिनिटं

“हवेत आहे. उतरू दे.”

दारात कोणी उभं राहिलं की आतून एवढंच ऐकू यायचं. दूधवाला असो, पोस्टमन असो, नाहीतर स्वतःची बायको असो. माणूस बसलेला असायचा घराच्या पुढच्या खोलीत, एका खुर्चीत, जमिनीपासून हातभर उंचीवर. आणि म्हणायचा, हवेत आहे.

मी त्यांच्या घरी नऊ वर्षं भांडी घासली. मेलेल्या माणसाचं चांगलंच सांगावं म्हणतात. सांगितलं असतं, पण मग थोडंच सांगायला उरलं असतं. ताडकळसच्या बाजारात तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. कडक इस्त्री, पिळलेल्या मिशा, आणि वांगी घेतानासुद्धा अशी वर करून बघायचे की जणू काटा कुठं अडकलाय ते तपासताहेत.

साहेब विमानदलात होते. उडवायला नव्हे. विमान चालवणाऱ्याच्या समोर जी घड्याळं नि काटे असतात, ती तपासून बसवायचं त्यांचं काम. वीस वर्षं तेच केलं आणि पेन्शन घेऊन गावी आले. गावानं नाव ठेवलं, ‘इमानवाले’. बाजारात कोणी मुद्दाम विचारायचं, “सायेब, वरून आपलं गाव कसं दिसतंय वो?”

“ठिपक्यासारखं,” साहेब सांगायचे.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चुलीपुढं बसून मला म्हणायच्या, “कशाचा ठिपका घेऊन बसलीस, गया? एकदा बी वर गेले न्हाईत. दुसऱ्याच्या इमानाचे काटे पुसले निस्ते.” आणि हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणायच्या की पुढच्या खोलीत ऐकू जावं.

मग पुण्याच्या जावयानं आपल्या हापिसातलं जुनं कॉम्प्युटर आणून दिलं. त्यात विमान उडवायचा खेळ होता. साहेबांनी भंगारातून एसटीची एक सीट आणली, ती चौकटीवर बसवली. पुढं काळी रंगवलेली फळी, फळीला जीपचे चार मीटर. ते काहीच दाखवायचे नाहीत, पण शोभेला होते. मधोमध पडदा. पडद्यावर हिरवी जमीन, निळं आभाळ आणि खाली कोपऱ्यात घड्याळ. विमान सुटायचं ते शिकागो नावाच्या गावातून, कारण खेळात आपल्याकडचं एकही गाव नव्हतं. साहेबांना त्याचं काही वाटायचं नाही. रोज अंघोळ करून, बूट घालून ते शिकागोला जायचे.

एकदा मलाही बसवलं होतं. “बस, गयाबाई. घाबरू नको. हा दांडा हळू ओढ.” मी ओढला आणि विमान तळ्यात घातलं. साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. नऊ वर्षांत तेवढंच एकदा मला ते बरे वाटले.

कारण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. वहिनींच्या हातावर उकळतं तेल सांडलं तेव्हा मी अंगणात होते. त्या ओरडल्या. आतून आवाज आला, “हवेत आहे. उतरू दे.” हातावर पाणी मी ओतलं. साहेब आले ते फोड टरारून वर आल्यावर, आणि मलम कुठं आहे ते त्यांनी वहिनींनाच विचारलं.

आता घड्याळाचं सांगते.

आमच्याकडं लाईट दिवसातून चारदा जायची. ती परत आली की यंत्रातलं घड्याळ चालू सालावरून एकदम सन ऐंशीच्या एक जानेवारीवर जायचं, तेही रात्रीच्या बारावर. बाहेर ऊन रणरणतंय आणि शिकागोत काळाकुट्ट अंधार. साहेब चिडायचे. आठ दिवस त्यांनी यंत्र उघडून त्याची आतडी बाहेर काढली. शेवटी सापडलं की आत एक छोटा सेल असतो, लाईट नसताना घड्याळ तोच जागं ठेवतो, आणि तो मेला होता. तसला सेल परभणीत मिळेना. साहेबांनी साधे चार सेल डबीत घालून तारा जोडल्या. घड्याळ सुधारलं. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. “पुण्याच्या इंजिनिअरला जमलं नाही,” प्रत्येकाला सांगितलं. जावयाला कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून ते घड्याळ म्हणजे देव झालं. घरात भिंतीवर एक घड्याळ होतं, साहेबांच्या मनगटावर एक. यंत्र तासभर चाललं की ही दोन्ही पुढं गेलेली दिसायची. साहेब म्हणाले, ही दोन्ही पळताहेत. भिंतीवरचं उतरवून पोत्यात घातलं. मनगटावरचं परभणीच्या घड्याळजीकडं नेलं. तो म्हणाला, साहेब, बरोबर आहे हे. हे म्हणाले, पुढं पळतंय, मागं कर. त्यानं दुकानात ठेवून घेतलं. घरात आता एकच घड्याळ उरलं, यंत्रातलं.

मला घड्याळ लागत नाही. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा बाराला व्हायची, ती मागच्या मोरीवर ऐकू यायची आणि मी हात धुऊन घरी निघायचे. एकदा निघता निघता पुढच्या खोलीत डोकावले तर पडद्यावर साडेअकरासुद्धा वाजले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मी साहेबांना सांगितलं, “सायेब, तुमचं घड्याळ इमान चालू असलं की झोपायलंय.”

त्यांनी खुर्ची वळवली. “किती शिकलीस?”

“चौथी.”

“वीस वर्षं विमानांची घड्याळं लावलीत मी. सकाळी लावलं की हे मिनिटाला बरोबर असतं, रेडिओशी जुळवतो मी. तू भांडी घास. या घरात परत टायमाचं बोललीस तर कामावर यायचं नाही.”

शेजारची एक बाई साखर मागायला आली होती, तिच्यासमोर बोलले. मी म्हणाले, “बरं.” आणि बरं म्हणाले म्हणजे ते पाळायचं असं मी ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला. तीन दिवस एसटी नव्हती. त्यातच चारठाण्याहून तार आली. वहिनींची आई शेवटच्या घटका मोजत होती, आणि लेकीचं नाव घेत होती. वहिनींनी तीन दिवस अन्न गिळलं नाही. चौथ्या दिवशी कळलं की साडेबाराला परभणीची एक गाडी सुटणार आहे. पुढची कधी, कोणी सांगत नव्हतं. परभणीहून जिंतूर, जिंतूरहून चारठाणा. ही गाडी धरली तर दिवस मावळायच्या आत पोचता येत होतं.

वहिनी सकाळी आठलाच नवं लुगडं नेसून बसल्या. अकरा वाजता साहेब खुर्चीत चढले.

“आता कुठं निघालात?” वहिनी म्हणाल्या.

“सेल नवे घातलेत आज. एक तास चालवून तपासतो. बाराला उतरतो. स्टँड दहा मिनिटांवर. वेळ आहे.”

“अवो, माझी माय जायलीय!”

“वेळ आहे म्हटलं ना.”

वहिनी पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या खोलीच्या दारात बसल्या. एकटीनं त्या कधी एसटीत चढल्या नव्हत्या. यंत्राच्या घरघरीत तिथं दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मधून मधून त्या विचारायच्या, आणि साहेब पडद्यावर बघून सांगायचे. साडेअकराला वीस कमी. साडेअकराला दहा कमी.

मी मागं कढई घासत होते. शाळेची घंटा झाली. बारा वाजले.

थोड्या वेळानं वहिनी मागं आल्या. तोंड वाळलेलं. “गया, किती वाजले असतील गं? हे म्हणतात आत्ता कुठं पावणेबारा व्हायलेत. मला तर ऊन लय वर आल्यासारखं वाटायलंय.”

मला माहीत होतं. तोंडात आलं होतं. पण मला साखर मागायला आलेली ती शेजारीण आठवली. मी कढईवर राख घासत म्हणाले, “मी काय सांगू? सायेबाच्या घड्याळाला विचारा.”

त्या परत पुढं गेल्या.

साहेब बाराला उतरले, त्यांच्या घड्याळात. खूश होते. सेल चांगले आहेत म्हणाले. पिशवी उचलली, दोघं स्टँडवर गेले. मी काम संपवून मागोमाग गेले, खोटं कशाला सांगू, बघायलाच गेले. गाडी जाऊन दहा मिनिटं झाली होती. धूळसुद्धा बसली होती. साहेब चहावाल्याशी भांडत होते की गाडी आधी सोडली. चहावाला म्हणाला, “सायेब, गाडी टायमालाच गेली. तुमाला काय, इमानानं जावा की!” बाकड्यावरचे सगळे हसले. वहिनी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, परभणीच्या दिशेला तोंड करून. एक बैलगाडी त्यांना वळसा घालून गेली.

दुसऱ्या दिवशी सरकीच्या ट्रकमधून दोघं परभणीला गेले. चारठाण्याला पोचले तेव्हा सकाळीच सगळं उरकलं होतं. साहेब तिसऱ्या दिवशी एकटेच परत आले.

“वहिनी?” मी विचारलं.

“दिवस झाले की येईल,” म्हणाले, आणि यंत्र पोत्यात गुंडाळून परभणीला घेऊन गेले. तिथं कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा एक पोरसवदा मास्तर होता. त्यानं उघडूनही बघितलं नाही म्हणे. म्हणाला, “काका, खेळ चालू असला की याचं सगळं लक्ष खेळात. घड्याळाचे ठोके मोजायचे राहून जातात. बंद करून चालू केलं की परत बरोबर. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. हातात एक घड्याळ घाला.”

माणूस गप्प झाला का? नाही. घड्याळजीकडून मनगटाचं घड्याळ सोडवून आणलं आणि तीन दिवस यंत्रापुढं बसून मिनिटं लिहून काढली. मग वहिनींना पत्र लिहिलं. ते बरोबर झालंय का म्हणून मला वाचून दाखवलं. ‘दोष सापडला. खेळ चालू असताना घड्याळ तासामागं वीस मिनिटं मागं पडतं. दोष यंत्राचा आहे, सेलचा नाही. माझी जोडणी बरोबर होती.’ खाली सही. सासूचं नाव कुठंच नव्हतं.

“कसं आहे?”

“अक्षर चांगलं हाय,” मी म्हणाले.

दिवस झाले, महिना झाला. मग कार्ड आलं. ‘पत्र मिळाले. माझी लुगडी गयाच्या हाती पाठवून देणे.’ साहेबांनी ते उलटं करून पाहिलं. मागं फक्त पत्ता होता.

मी लुगडी घेऊन चारठाण्याला गेले. वहिनी भावाच्या ओसरीत तुरी निवडत होत्या. गाठोडं त्यांनी सोडलं नाही.

“त्या दिवशी बाराची घंटा झाली होती का गं?”

“झाली होती.”

“तू ऐकलीस?”

“ऐकली.”

“मी तुला विचारायला आले तवा झाली होती?”

“आधीच झाली होती.”

त्यांनी भावजयीला चहा टाकायला सांगितला. मी चहा प्यायले. मी उठले तेव्हा त्या तुरीतला खडा बाजूला काढत म्हणाल्या, “त्यांचं डोकंच तसं हाय, गया. तुला तर कळत होतं.” आणि मग, “परत येऊ नकोस.”

त्यांच्यापुढं मी रडले वगैरे नाही. बसची वेळ झाली होती.

परतले तर साहेब दारात उभे. “काय म्हणाली?”

“लुगडी मिळाली म्हणाल्या.”

“आणखी?”

“आणखी न्हाई काही.”

पुढं कितीतरी दिवस, मी झाडायला वाकले की ते मध्येच विचारायचे, “आणखी काही म्हणाली होती का? आठवून बघ.” मी म्हणायचे, न्हाई. यंत्र त्यांनी पुन्हा लावलं, पण त्यातलं विमान बरेचदा तिथंच उभं असायचं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, भर दुपारी, छातीत कळ येऊन. चारठाण्याला निरोप धाडला. पुण्याची लेक वाटेत होती. आधी पोचला तो वहिनींचा भाऊ, एकटाच.

“वहिनी?” मी विचारलं.

“गाडी भेटली न्हाई म्हणाली.”

“मग तुमाला कशी भेटली?”

तो साहेबांच्या पायाशी उकिडवा बसला. पायातले मोजे काढायचे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ते तो एकेक करून काढायला लागला.