सीटची उंची

दिंडोरीकडच्या मागच्या रस्त्यावर सकाळी सहसा वाहनं नसतात. दोन्ही बाजूंना वाईनच्या द्राक्षांच्या बागा आहेत. नुकतीच छाटणी झाल्यामुळे तारांवर फक्त तपकिरी काड्या उरल्या आहेत.

बाबा गेल्यापासून मी त्यांची सायकल चालवते. सीट अजून त्यांच्या उंचीवर आहे. माझे पाय टेकत नाहीत, म्हणून थांबताना मी कुंपणाचा खांब धरते. आज तशीच थांबले, तेव्हा बागेत छाटलेल्या काड्या गोळा करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "सीट खाली घे की गं. पडशील एखाद दिवशी."

"बाबांची सायकल आहे."

"मग काय झालं? सांग त्यांना, मावशीनं करायला लावली."

मी खांब सोडला आणि पेडल मारलं.

छाटलेली बाग पाहून इथे कुणी घाबरत नाही. ती पुन्हा फुटणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्याबद्दल तसं कुणाला विचारावं, कळत नाही.

वळणापुढे उतरले आणि सीटखालचा खटका सैल करून सीट खाली ढकलली. वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही. पुन्हा सायकलवर बसले, तर दोन्ही पाय जमिनीला टेकले. बराच वेळ तशीच उभी राहिले.