बोटाचा वेग

"मॅडम, सर बोट कसं हलवायचे?" लॅपटॉपवरून हात काढून शीतलने विचारलं.

माझे पती कॉलेजात गणित शिकवायचे. दिवाळीआधी ते गेले. शीतल त्यांची विद्यार्थिनी, धावडा गावची. गावातली पाण्याची उंच टाकी वाऱ्यात किती वेगाने डोलेल, हे सांगणारा आकडा, म्हणजे आयगेन व्हॅल्यू, तिला काढायची आहे. प्रोग्रॅमला आधी उत्तराचा एक अंदाज द्यावा लागतो. तो चुकला की भलतंच उत्तर येतं. आमचे हे स्वतःचं बोट डोलवून तो अंदाज दाखवायचे. तिच्या टाकीसाठीही याच टेबलाशी बसून दाखवला होता. तेव्हा मी समोर चहा गाळत होते.

"कवापासून करून राह्यले, पण बराबर येतच न्हाई. परवा प्रोजेक्ट दाखवायचाय. जल्दी हलवायचे का हळू?"

मी बोट उभं केलं, हलवलं.

"असं न्हाई, मॅडम."

मलाही ते पटलं. पण मग कसं, ते आठवेना.

तुमच्या गेलेल्या माणसाचं तुम्हाला काय आठवेनासं झालं आहे?

सकाळी या पोस्टला जोडते आहे: शीतलचा फोन आला. अंदाज बदलत बदलत तिचं उत्तर निघालं. टाकीला एका हेलकाव्याला दोन सेकंद लागतात. तेवढ्या वेगाने मी टेबलाशी बसून बोट हलवलं. त्यांचं बोट असंच हलायचं.