माझ्या मागं उभा केलेला मानूस

"नामदेव, हिनं हुंगलेलं झाकन तू परत हुंगायचं. प्रत्येक."

साहेब हे सगळ्यांसमोर म्हनले. दूध घेऊन आलेले शेतकरी उभे, टेम्पोवाले उभे. मी कॅनचं झाकन हातात धरून तशीच. आमच्या दूध केंद्रावर पहिली परीक्षा नाकाची. झाकन उघडायचं, हुंगायचं. आंबूस वाटलं तर कॅन बाजूला, न्हाईतर दूध टाकीत. हे काम आमी चौघं करायचो. परत हुंगायचं फक्त माझं.

का, ते विचारायची गरज न्हवती. कोल्हारकडची आमी किरिस्ताव. पंजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पन गावानं आमची जुनी जात काय सोडली न्हाई. साहेब डेअरीच्या चेअरमनच्या घरातले. मी कामाला लागले तवाच हसत म्हनले हुते, "तुमच्यात कुठं दूधदुभतं? तुला वास काय कळनार?" मीबी हसले. पोटासाठी हसले. लाज वाटती आता त्या हसन्याची.

नामदेव केंद्रावरचाच कामगार, मानूस वाईट न्हवता. "ताई, मला सांगितलंय म्हनून," एवढंच म्हनायचा. पन त्याचा श्वास माझ्या मानेवर यायचा. मी झाकन ठेवायच्या आत त्याचा हात पुढं. त्याच्या कपाळाला आठी पडली की मी झाकन परत नाकाला लावायचे. पुढं पुढं मी वास घ्यायचं सोडलं आन त्याचं तोंडच बघायला लागले.

डोक्यात संशय शिरला तो शिरलाच. चहाच्या टपरीवर दोघं बोलताना गप झाले, की वाटायचं माझंच चाललंय. साहेब फोनवर हसले, तरी माझंच. घरी चहाचं दूध सारखं हुंगायचे. सासूबाई म्हनल्या, "अगं, चांगलं हाय. तुला झालंय काय?" मला त्यांचंबी खरं वाटंना.

मग एका सकाळी एका म्हातारीचा कॅन मी बाजूला काढला. दूध उकळून बघितलं, फुटलं न्हाई. म्हातारी लई बोलली. त्या भ्यानं पुढचा कॅन सोडला. नामदेवनंबी हुंगला, मान हलवली. तोच आंबलेला निघाला. सगळी टाकी नासली.

चूक माझी हुती. न्हाई म्हनत न्हाई.

साहेब आले. नामदेवकडं बघितलंसुद्धा न्हाई. मला म्हनले, "गेलीस ना जातीवर? उद्यापासून कॅन धुवायचे." जातीवरनं बोललं तर ॲट्रॉसिटीचा कायदा हाय, पन किरिस्तावांना तो लागत न्हाई, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हनून तर तोंड वर करून बोलले.

नामदेव चुकला ती चूक. मी चुकले तर जात. एवढं एकदम लख्ख दिसलं मला.

"न्हाई धुनार," मी म्हनलं. "नामदेवनंबी हाच कॅन सोडला. त्याला काय धुवायला लावताय, ते आधी सांगा."

"जास्त बोलू नको. घरी बसशील."

आज परत माझ्याच जागेवर उभी राहिले. नामदेव मागं येऊन थांबला. टेम्पोंची रांग रस्त्यापर्यंत गेली, माझे हात पदरातच. मघाशी साहेब गोड बोलून गेले, "तुझ्या भल्यासाठीच चाललंय." माझा न्हाई इश्वास. उद्या आनखी गोड बोलतील, कुनाला तरी घरी पाठवतील, नवऱ्याचे कान भरतील. कामावरनं काढतीलबी. काढू देत. चौघांच्या मागं चार मानसं उभी करा, न्हाईतर माझ्या मागचा हलवा. तवर मी एका कॅनला हात लावनार न्हाई.