मर्लच्या दुकानातला कांगारूचा खिमा

आमच्या गावात पाकिटावरचं कुणी वाचत नाही, मर्ल हॅचर्डला विचारतात. तीस वर्षं ती दुकान चालवतेय: कोंबड्यांचं खाद्य, कुंपणाची तार, फ्रीजरमध्ये कुत्र्यांना घालायचं मटण. बाई सच्ची, पण तोंडाने फटकळ.

क्लेम टॅविनरची फ्लो म्हणजे मेंढ्या वळणारी कुत्री. गाईचं मांस तिला सोसत नसे, अंगभर खाज सुटे. म्हणून मर्लनेच तिला कांगारूचा खिमा लावून दिला होता. मार्चमध्ये फ्लो पुन्हा खाजवून खाजवून रक्त काढायला लागली.

"मर्ल, या खिम्यात काहीतरी आहे बघ," क्लेम म्हणाला.

"कांगारू आहे, दुसरं काय असणार? तुझी बयाच कुठेतरी मेलेल्या गुरांवर ताव मारत असेल. बांधून ठेव तिला!"

क्लेम बरं म्हणाला आणि आणखी चार पाकिटं घेऊन गेला. मी मर्लच्या दुकानात कामाला, तिथंच होतो. राग आला होता मला, पण मर्लपुढे बोलायची हिंमत कुणाची?

सहा आठवड्यांनी मर्लच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे दात पडले. एरवी कच्चा घालायची तो खिमा तिने शिजवून ठेवला. सकाळी पातेल्यात बोटभर पांढरी चरबी साकळलेली. कांगारूच्या अंगावर एवढी चरबी कुठून येणार? तिने कंपनीला फोन लावून चरबीचं आणि फ्लोच्या खाजेचं सांगितलं. "लेबल बरोबर आहे, बाई. त्या कुत्रीने दुसरंच काही खाल्लं असेल," तिकडून उत्तर आलं.

मर्लने फोन ठेवला, फ्रीजर रिकामा केला आणि मला गाडीत बसवून क्लेमचं घर गाठलं.

फ्लो शेडमागे साखळीला होती. पाठीवर केस उरले नव्हते.

"सहा आठवडे बांधलीस?" मर्लने विचारलं.

"तूच म्हणालीस ना? मेंढ्या निघाल्या की रडते गं. पण म्हटलं, मर्ल उगाच सांगायची नाही."

"माझं चुकलं, क्लेम. त्यात गाय होती की आणखी काय, देव जाणे. कांगारू नव्हता एवढं नक्की." मर्ल रडत होती. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

क्लेमने वाकून साखळी काढली. फ्लोच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग मर्लकडे बघून साधेपणानेच विचारलं,

"मग आता हिला काय घालू? तू सांगशील ते घालतो."