आत्याला येतं तो प्रश्न सोपा

आत्या जाऊन महिना झाला. तिचं नाव निघालं की घरात आधी हसू फुटतं, मग डोळे पुसावे लागतात. खुर्चीची गोष्ट तेवढी लिहून ठेवलेली बरी.

आत्या टीव्हीच्या स्टुडिओत फरशी पुसायची. तो प्रश्नांचा कार्यक्रम असतो ना, उंच खुर्चीत माणूस बसतो, उत्तर बरोबर आलं की एक पायरी वर, चुकलं की घरी, तिथे. शूटिंगच्या आधी दिवेवाल्याला खुर्चीत कोणीतरी हवं असायचं, तोंडावर उजेड नीट पडतोय का बघायला. आत्या हाताशीच. "मावशी, जरा बसता का?" बसली की, पोछा मांडीवर आडवा घेऊन.

प्रश्न काढणारे साहेब तिथेच उभे होते. त्यांनी गंमत म्हणून एक प्रश्न विचारला. आत्याला आला, तो त्यांनी पहिल्या पायरीवर टाकला. दुसरा नाही आला, तो वर ढकलला. मग ते रोजचंच झालं. आत्याला येतं ते सोपं, येत नाही ते अवघड. पाचवी शिकलेली बाई, पण अख्खा कार्यक्रम तिच्या मापाने चालायचा. घरी येऊन ऐटीत सांगायची, "आज बारा प्रश्न माझ्यामुळे अवघड झाले!"

"काही न येण्याचा पगार मिळतो होय?" आतोबा म्हणायचे.

"तसं असतं तर तुम्ही शेठ झाला असता."

पण चार वर्षं रोज उत्तरं कानावर पडल्यावर बाई कोरी राहील कशी? ऑक्टोपसला तीन हृदयं, गोगलगाईला हजारो दात, सगळं डोक्यात बसत गेलं. तिचं तिलाही कळलं नाही.

एकदा साहेबांनी विचारलं, "कोणत्या ग्रहावर दिवस वर्षापेक्षा मोठा असतो?" आत्या खुर्चीचा हात पुसता पुसता म्हणाली, "शुक्र." साहेबांनी कागदावर दोनचा आकडा टाकला. म्हणजे दुसरी पायरी.

त्याच दिवशी एक मास्तरीणबाई खेळायला आल्या. नवरा, लेक समोर टाळ्या वाजवायला बसलेले. दुसऱ्याच प्रश्नाला "गुरू" म्हणाल्या आणि खेळ खलास. बाहेर बेसिनपाशी तोंड धूत होत्या, आत्या आरसा पुसत होती.

"दुसऱ्याच प्रश्नाला गेले हो! आता वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

"तो सोपा नव्हता, ताई."

"सोपा होता म्हणूनच दुसरा होता ना?"

आत्या त्या रात्री घरी येऊन जेवलीसुद्धा नाही. खुर्चीत तिचा जीव होता. खोटंच 'माहीत नाही' म्हणत राहिलं तर खुर्ची राहील, हेही मनात येऊन गेलं. पण कुठलं खरंच सोपं आणि कुठलं ऐकून पाठ झालेलं, हे तिचं तिलाच कळेना.

सकाळी साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "साहेब, मी नासले. मला खुर्चीतून उठवा."

"म्हणजे काय?"

"मला आता सगळं येतं."

साहेब हसले. वरच्या पायरीचे सात प्रश्न विचारले. सहा आले. साहेबांचं हसू गेलं.

"आधी त्या मास्तरीणबाईंना परत बोलवा," आत्या म्हणाली. "चूक माझी, भोगायची त्यांनी का?"

"बोलावतो. पण मावशी, आता माप कुठून आणू?"

आत्याने जरा विचार केला. "आमच्या घरी आहेत एक. नळ दुरुस्त करतात. पेपर वाचत नाहीत, बातम्या लागल्या की घोरतात. काही म्हणजे काही येत नाही, माझी हमी."

आतोबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. पहिलाच प्रश्न ऐकून म्हणाले, "साहेब, हे येत असतं तर मी लोकांचे नळ कशाला आवळत बसलो असतो?" दिवेवाला हसता हसता शिडीवरून पडायचा राहिला. आत्या खाली उभी, उत्तर ओठांवर आलेलं, तोंडावर हात दाबून.

तेव्हापासून घरात तो कार्यक्रम बंद. आतोबांनी रिमोटला हात लावला की आत्या हिसकावून घ्यायची, "शहाणे झालात तर खुर्ची जाईल!" नवऱ्याला अडाणी ठेवायला बाईने इतके कष्ट घेतलेले कुणी पाहिले नसतील.

परवा साहेब भेटायला आले होते. म्हणाले, काका, थोडे दिवस घरीच आराम करा.

"नको," आतोबा म्हणाले. "घरी बसलो की टीव्ही लावीन. मग तिने एवढं जपून ठेवलेलं सगळं वाया जाईल. उद्या येतो."