बॉटनीबाई आणि यादीतली शेवटची दोन नावं

“तुमच्या मुलीचं यंदा होणार नाही,” हे वाक्य बॉटनीबाई ज्या सुरात म्हणत, त्या सुरात लोक दुर्गची बस गेली म्हणून सांगतात. समोर आई असो, वडील असोत, रजा टाकून आलेला स्टील प्लांटमधला मोठा अधिकारी असो, बाईंच्या आवाजात फरक पडत नसे. भिलाईतल्या मेडिकलच्या क्लासमध्ये हे वाक्य सहसा कोणी उच्चारत नाही. तिथे प्रत्येक मूल ‘होनहार’ असतं, फक्त ‘थोडी मेहनत और’ हवी असते आणि ती मेहनत पुढच्या वर्षीच्या बॅचमध्येच करता येते. बाई मात्र तोंडावर सांगत. म्हणून पालकांच्या मीटिंगला आमचे डायरेक्टर सर त्यांना शेवटच्या टेबलावर, कूलरच्या अगदी पुढ्यात बसवायचे. बाई कूलर बंद करून बोलत.

बॉटनीबाई हे नाव आम्हा चार-पाच मराठी मुलांनी ठेवलेलं. बाकी वर्गासाठी त्या नुसत्या मॅडम. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून प्लांटच्या नोकरीसाठी आलेले, त्यामुळे त्या वाढल्या भिलाईतच. नवरा रसमड्याच्या एका कारखान्यात, घर दुर्गला, आणि रोजची ये-जा निळ्या स्कूटीवर. शिकवायच्या हिंदीत, पण जिन्यात हुडको कॉलनीतली आमच्यापैकी कोणी भेटली की लगेच घरच्या बोलीवर यायच्या. हिंदीत त्या रागवत आणि मराठीत टोचत. मला हिंदी परवडायची.

क्लासने आम्हाला रंगीत, जाडजूड मॉड्यूल दिली होती. बाई ती बाकाखाली ठेवायला लावत आणि शाळेचं बायोलॉजीचं पुस्तक उघडत. एक ओळ एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने तिच्यावर प्रश्न काढायचा, तिसऱ्याने उत्तर द्यायचं, मग पुढची ओळ. बाकीच्या बॅचा सराव पेपर सोडवू लागल्या तरी आम्ही खोडाच्या आडव्या छेदातून बाहेर आलो नव्हतो. एकदा मला जांभई आली आणि नेमकी बाईंनी पाहिली. “कंटाळा येऊन राहिला ना? येऊ दे. पेपरात कंटाळवाण्याच ओळी येतात,” त्या म्हणाल्या आणि तोच परिच्छेद मला पुन्हा वाचायला लावला. त्या वर्षी माझ्यासारख्या बऱ्याच जणींना त्यांचा राग यायचा, हे मी लपवत नाही.

दर रविवारी टेस्ट व्हायची आणि सोमवारी नोटीस बोर्डावर नव्या बॅचांची यादी लागायची. मार्क वाढले तर वर, घटले तर खाली. मी दिवाळीपर्यंत ‘ए’वरून ‘सी’मध्ये आले. ‘ए’ बॅचला एसी हॉल आणि होर्डिंगवर फोटो असलेले सर. ‘सी’ला गच्चीवरचा पत्र्याचा हॉल आणि नुकतेच एम.एस्सी. झालेले, दर दोन महिन्यांनी बदलणारे शिक्षक. बाईंनी स्वतः जाऊन ‘सी’ मागून घेतली. “‘ए’वाल्यांना मी लागत नाही. ते भिंतीपाशी बसवले तरी शिकतील. तुम्हाला लागते,” एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं. कुम्हारीहून बसने येणारी मुलं रोज उशिरा पोहोचायची. त्यांच्यासाठी बाई पहिला बाक रिकामा ठेवत आणि तिथे कोणी बसलं तर उठवत. मलाही उठवलं होतं. घर जवळ म्हणून मागे बसायचं, हा न्याय मला तेव्हा पटला नव्हता.

मेडिकलच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मी पहिल्यांदा दिली, तेव्हा माझं काही झालं नाही. बाबा मला घेऊन बाईंकडे गेले. बाबा प्लांटमध्ये मिलवर होते, लाखनीजवळच्या एका खेड्यातून आलेले. बोलणं कमी, आणि शिकलेल्या माणसासमोर त्याहून कमी. बाईंनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि बाबांना म्हणाल्या, “भाऊ, एक वर्ष द्या तिले. एकच. पुढच्या साली दुसरं मागाले आली तर माझ्याकडे आणू नका.”

बाबा मान हलवत राहिले. मला मात्र अपमान वाटला. आमच्या बॅचमध्ये तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बसणारे कितीतरी होते आणि त्यांना कोणी असं बोलत नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीची धाकटी बहीण बारावी होऊन तिच्याच बॅचमध्ये येऊन बसली. दोघी एका स्कूटीवर यायच्या आणि वर्गात दोन टोकांना बसायच्या. होर्डिंगवर नंबर लागलेल्यांचे फोटो येतात. कोण किती वर्षं पत्र्याखाली बसलं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. बाई हे सगळं पाहत होत्या, म्हणून तसं बोलत होत्या. पण सतरा-अठराव्या वर्षी हे कळत नाही, आणि बाईंची ते समजावून सांगण्याची पद्धत नव्हती.

पुन्हा परीक्षा द्यायला थांबले होते त्या ड्रॉपच्या वर्षात त्यांनी दुसरा एक त्रास सुरू केला, कागदांचा. मूळ निवासी दाखला काढला का, दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव नीट आहे का, जातीचा दाखला इथे मिळतो का ते विचारलं का. आमच्यासारख्या विदर्भातून आलेल्या घरांची यात फार ओढाताण होते. बाबांची समजूत होती की गावाकडे घर आहे, म्हणजे महाराष्ट्रातूनही जमेल आणि इथूनही. बाई म्हणाल्या, “दोन्हीकडचे नसतो आपण, भाऊ. कागदावर एकच राज्य लागते.” जातीच्या दाखल्यासाठी तर इथल्या ऑफिसात आजोबांच्या काळातला इथलाच कागद मागितला, आणि आजोबा कधी भिलाईला आलेच नव्हते. तो नाद सोडावा लागला. मूळ निवासी दाखल्यासाठी मी दुर्गच्या तहसीलीत चार फेऱ्या मारल्या. आज ही खिडकी, उद्या ती, परवा साहेब दौऱ्यावर. झाडांच्या पेशी पाठ करायच्या सोडून मी रांगेत उभी होते आणि मनातल्या मनात बाईंनाच शिव्या देत होते.

दुसऱ्या वेळी मार्क आले. फार चांगले नाहीत, पण राज्याच्या यादीत कुठेतरी नंबर लागेल असे. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. रविवारी बाई स्वतः आमच्या हुडकोच्या घरी आल्या. आईने पोहे केले, बाईंनी खाल्ले नाहीत. फुलस्केप कागदावर त्यांनी एकाखाली एक नावं लिहिली. वर रायपूर, मग दुर्ग, राजनांदगाव, बिलासपूर, मग आणखी काही, आणि सगळ्यात शेवटी जगदलपूर आणि अंबिकापूर.

“ही खालची दोन शोभेसाठी नाहीत,” त्या मला म्हणाल्या. “तुझा नंबर बहुतेक इथंच लागेल. वरची नावं आशेची आहेत. लाग्ली तर लाग्ली.”

बाबा म्हणाले, “मॅडम म्हणतेत तसंच भर.”

दुसऱ्या दिवशी बाबा फर्स्ट शिफ्टला गेले आणि मी यादी भरायला क्लासच्या काउंटरवर. तिथे गेल्या वर्षी कुठे कितवा नंबर लागला त्याचा तक्ता घेऊन बसलेला एक माणूस होता. त्याने माझी यादी पाहिली आणि म्हणाला, “अरे, इस रैंक पे तो पास में ही मिल जाएगा. इतनी दूर का क्यों भर रहे हो?” त्याला माझं काहीच माहीत नव्हतं. तो सगळ्यांना असंच म्हणत असावा. पण मला तेच ऐकायचं होतं. मी तोवर एक रात्रही घराबाहेर एकटी राहिले नव्हते. जगदलपूरच्या बसचा विचारही मी टाळायची, आणि हे कोणाला सांगायची लाज वाटायची. दोन वर्षं सगळं घर माझ्यासाठी हळू आवाजात टीव्ही लावत होतं. त्या घराला मी कसं सांगणार होते की मला भीती वाटते? मी शेवटची दोन नावं काढली आणि फॉर्म लॉक केला. कोणी हात धरून काढायला लावलं नव्हतं.

प्रवेशाच्या पहिल्या फेरीत माझं नाव आलं नाही. दुसऱ्या फेरीसाठी यादी पुन्हा भरायची होती. बाईंनी फोनवर विचारलं, “तशीच भरली ना?” मी हो म्हणाले. तशीच भरली होती, म्हणजे माझीच, शेवटच्या दोन नावांशिवाय.

दुसरी फेरी लागली त्या दुपारी बाई घरी आल्या. हातात प्रवेश मिळालेल्यांच्या यादीचा कागद होता, त्यावर पेन्सिलीने एका नावाखाली रेघ. “तुझ्या मागच्या नंबरवाल्याले जगदलपूर भेटलं,” त्या म्हणाल्या. “तुले कावून नाही भेटलं?” आणि त्यांनी मी भरलेल्या फॉर्मचा प्रिंट मागितला. मी दिला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

बाबा नुकतेच शिफ्टवरून आले होते, बूटही काढायचे होते. बाई त्यांच्याकडे वळल्या. “पोरगी आहे म्हणून कापली ना नावं, भाऊ? दूर पाठवायची नव्हती, तर दोन वर्षं शिकवली कशाले? माझा वेळ कशाले घेतला?”

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी फ्रिजला टेकून उभी होते. मग ते बाईंना म्हणाले, “चुकलं, मॅडम.”

बाई आणखी पुष्कळ बोलल्या. आईसमोर बोलल्या, शेजारचे दारात आले त्यांच्यासमोर बोलल्या. बाबा खाली बघून ऐकत राहिले. मी तोंड उघडलं नाही. पुढच्या फेरीत आम्ही ती दोन नावं टाकली, पण तोवर तिथे जागा उरल्या नव्हत्या. ज्यांना मिळाल्या होत्या, ते हॉस्टेलवर गाद्या घेऊन पोहोचलेही होते.

मी तिसऱ्यांदा बसले नाही. इथल्याच कॉलेजातून बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि आता एका शाळेत बायोलॉजी शिकवते. बाबा आणि मी त्या दुपारबद्दल कधी बोललो नाही. बाईंचं क्लासमधलं काम पुढे दोनेक वर्षांत गेलं. होर्डिंगवर अशा एका मुलाचा फोटो लागला, जो फक्त चार टेस्ट द्यायला आला होता. एका पालकांनी बाईंना विचारलं, “ये आपका स्टूडेंट है?” बाई म्हणाल्या, “मैं इसे नहीं जानती,” आणि तेही डायरेक्टर सर शेजारी उभे असताना. पुढच्या टाइमटेबलमध्ये बॉटनीपुढे दुसरं नाव होतं. त्या घरी चार मुलांना शिकवत राहिल्या. नवरा रिटायर झाल्यावर त्यांनी नागपूरला मुलीजवळ जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी स्कूटीवरून दुर्गला त्यांच्या घरी गेले. सामान बांधून झालं होतं. बाई एका खोक्यावर बसल्या होत्या, मला दुसऱ्या खोक्यावर बसवलं. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग सांगून टाकलं, की ती नावं बाबांनी काढली नव्हती, मी काढली होती.

मला वाटलं, आता मराठीत टोचतील. त्या म्हणाल्या, “तुझ्या बाबांले फोन लाव.”

मी लावला. त्यांनी माझ्या हातातून घेतला. “भाऊ, मी बॉटनीची मॅडम बोलून राहिली. त्या दिवशी मी तुमाले तुमच्या घरात येऊन बोलली. तुमच्या बायकोसमोर बोलली. मी न विचारता बोलली. माझी चूक झाली.”

पलीकडून बाबांचा आवाज मला ऐकू आला. “अजी मॅडम, ते झालं आता.”

“नाही झालं. तुमी गप कावून राह्यले?”

“पोरगी उभी होती ना तिथंच,” बाबा म्हणाले. “तिच्यावर दोन वर्षं सगळेच बोलून राह्यले होते. म्हटलं, आज माझ्यावर बोलू द्या.”

बाईंनी फोन मला परत दिला. “तुझ्यावर मी अजून रागावली आहे,” त्या म्हणाल्या. “ते तसंच राहणार आहे.” मग खोक्याच्या दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. “पण एक आहे. मी तुले काय भरायचं ते सांगतलं, कागद कोणते ते सांगतलं, किती वर्षं बसायचं ते सांगतलं. तुले तिथं जायची भीती वाटते का, हे नाही विचारलं. एकालाही नाही विचारलं मी, इतक्या वर्षांत.”

त्यांनी मला चहा विचारला नाही, कारण भांडी बांधून झाली होती. मी फाटकापर्यंत आले तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या, “हेल्मेट घाल.” तेवढंच.

आता उन्हाळ्याच्या शेवटी शाळेतल्या मुली माझ्याकडे त्यांच्या याद्या घेऊन येतात. दाखले, नावांची स्पेलिंग, फेऱ्या, सगळं मी तपासते, आणि दरवर्षी काहीतरी बदललेलं असतं, म्हणून दरवर्षी चिडते. शेवटी आई-वडिलांना जरा बाहेर बसायला सांगते आणि दूरच्या नावावर बोट ठेवून विचारते, इथं जायची भीती वाटते का. जवळजवळ सगळ्या नाही म्हणतात. मी कागद तिथेच ठेवते, स्वतःसाठी चहा टाकते आणि परत येऊन पुन्हा विचारते.